पहिला हात माफ

दुकानाचं शटर वर गेलं की कोकिळा आधी झाडू हातात घेत नसे, उदबत्तीही लावत नसे. काउंटरच्या खणातून ती साठ पानांचा गठ्ठा काढायची, सात वेळा पिसायची आणि वरची सात पानं पंख्यासारखी उलगडून हातात धरायची. चार-पाच सेकंद बघायची. मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं एक रेघ. हात चालण्यासारखा असेल तर उभी, नसेल तर आडवी. असं रोज दहा वेळा. त्यानंतर झाडू, उदबत्ती आणि झेरॉक्स मशीनचं बटण. बुलडाण्याची पहिली बस धरायला निघालेले देऊळघाटचे लोक समोरून जाताना बघायचे आणि म्हणायचे, बाई सकाळी सकाळी पत्ते पिसून राह्यली.

ते बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हते. प्रत्येक पानावर एक चित्र, चित्राखाली बारीक इंग्रजीत मजकूर: हे पान टाकलं तर काय घडेल. हजारो पानांतून जो तो आपली साठ निवडतो, त्यांचा डेक बांधतो आणि सुरुवातीला त्यातली सात हातात घेऊन समोरच्याशी खेळतो. हा खेळ गावात आणला हर्षलनं. पुण्यात शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा, बुलडाण्याच्या एका क्लासमध्ये गणित शिकवणारा. त्याला आणि त्याच्या तीन दोस्तांना बसायला जागा हवी होती, आणि कोकिळाच्या दुकानापुढं पत्र्याची सावली होती, बाकडं होतं. खरी पानं लवकर मिळायची नाहीत, म्हणून सरावापुरत्या रंगीत प्रिंट ते तिच्याकडूनच काढून घेत.

कात्रीनं पानं कापता कापता तिनं ती वाचली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं तेव्हा मागं पडलेलं इंग्रजी सातबारा आणि आधार कार्डाच्या प्रती काढताना कधी लागलं नव्हतं. इथं लागलं. एका दुपारी चौघं खेळत असताना ती आतूनच म्हणाली, "हर्षल, ते लाल पान आधी टाकलं असतं तं मघाशीच संपलं असतं."

चौघांनी माना वळवल्या. हर्षलनं मांडलेली पानं पुन्हा पाहिली, मग बाकड्यावर सरकून जागा केली. "बसा काकू."

पहिल्याच आठवड्यात तिला एकदा अगदी टाकाऊ सात पानं आली. तिचा चेहरा पडलेला पाहून हर्षल म्हणाला, "जाऊ द्या काकू, पहिला हात माफ. पिसा परत, अन् सात घ्या." मग एकट्या काकूंनाच सूट कशी, म्हणून सगळेच तशी घेऊ लागले. दुकानापुढं तोच नियम झाला. दोन वर्षं तसंच चाललं.

तेव्हा कोकिळा एकेचाळीस वर्षांची होती आणि स्वभावानं तापट. तिला ताटकळणं सहन होत नसे. दिवसातले निम्मे तास तर ताटकळण्यातच जायचे: लाइट येण्याची वाट, सर्व्हर चालू होण्याची वाट, तलाठ्याच्या सहीसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाबरोबर आपलीही वाट. म्हणून तिनं डेक बांधला तो असा, की त्यात वाट पाहणारं एकही पान नको. तिसऱ्या खेपेला, म्हणजे आपली तिसरी पाळी येताच, डाव संपला पाहिजे. त्यातल्या तीन मुख्य पानांना तिनं मळ्यातल्या पंपावरून आपली नावं दिली होती आणि प्रत्येकाच्या तीन-चार प्रती घातल्या होत्या. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, टाकली की जोर मिळायचा. मोटार हातातलं एक पान ओतून दोन उपसायची. आणि कॉक उघडला की ओतलेलं पान परत हातात यायचं. तिन्ही जुळली की उपसा थांबत नसे आणि समोरच्याची खेप पुन्हा येतच नसे.

तिचा नवरा भाऊराव वांगी-टमाट्याचा मळा करायचा. तो हसायचा. "माह्या मोटारीले महिना झाला डीपी नाई, अन् तुही रोज चालू!"

"तुमी एमएसईबीसंगं खेळता. मी घरी."

दोन वर्षांत त्या बाकड्यावर तिला सहसा कोणी हरवलं नाही. तेव्हा अकोल्याला स्पर्धा आहे असं कळल्यावर तिनं सगळ्यांत आधी नाव दिलं. खरी पानं मागवली, एकेक पान प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. हर्षलनंही नाव दिलं होतं. तिचं नाव ऐकून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "चांगलं केलं काकू." तो थांबला होता, हे तिला फार नंतर आठवलं.

अकोल्याच्या हॉलमध्ये चाळीसएक जण होते, बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे. पहिला सामना पायल नावाच्या इंजिनिअरिंगच्या मुलीशी. कोकिळानं सात पानं उचलली. डीपी नव्हती, मोटारही नव्हती. तिनं शांतपणे हात खाली ठेवला, पिसला आणि पुन्हा सात पानं घेतली.

"मॅडम, सहा," पायल म्हणाली.

"काय सहा?"

"तुम्ही परत पिसलं ना. मग एक पान कमी घ्यायचं. अजून एकदा पिसलं तर पाच."

कोकिळा हसली. "असं कसं? पहिला हात माफ अस्ते."

पायलनं तिच्याकडं बघितलं आणि हात वर केला. गळ्यात पट्टा अडकवलेला पंच आला. त्यानं ऐकून घेतलं, आणि अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलला. "मॅडम, हा तर पहिलाच नियम आहे. तुम्ही घरी खेळता का?"

आजूबाजूच्या चार-पाच टेबलांवरच्या माना वळल्या. दोन टेबलं सोडून बसलेल्या हर्षलची मान मात्र वळली नाही. तो हातातल्या पानांकडं इतक्या बारकाईनं पाहत होता, जसा काही त्या हॉलमध्ये दुसरा आवाजच नाही. त्या न वळलेल्या मानेनं कोकिळाला सगळं सांगितलं.

ती दिवसभरातले चारही सामने हरली. प्रत्येक वेळी पहिला हात वाईट आला असंही नव्हतं. पण जेव्हा आला तेव्हा सहा पानांत तिचा डेक उभाच राहिना. तो माफीवर बांधलेला होता, आणि माफी देऊळघाटातच राहिली होती.

परतीच्या बसमध्ये खामगावपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. बोथा घाट लागला, दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आलं, तेव्हा ती शेजारी बसलेल्या हर्षलला मान न वळवता म्हणाली, "तुले माहीत होतं."

"काकू, मी..."

"हाव का नाई?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

हर्षलनं मांडीवरची बॅग या हातातून त्या हातात घेतली. "तुमी खुश होत्या, काकू. दुकानावरच तं खेळून राह्यलो होतो आपण. म्हटलं, कायले... अन् मंग तुमी अकोल्याले नाव देलं. तवा कसं सांगू? लाज वाटली मले."

"खुश?" आता ती वळली. "मी लेकरू हाओ का बे? पडीन म्हणून माह्यापुढचे गोटे उचलत होता तू दोन वर्सं?"

"तसं नाई, काकू."

"तसंच हाये! चौघंबी उचलत होते. अन् मी येडी, म्हणत होती का मले पळता येते!"

पुढच्या दोन-तीन सीटांवरची माणसं मागं बघू लागली. कंडक्टर म्हणाला, "ताई, जरा हळू."

"तुमी तिकिटं पाहा," कोकिळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाकडं आत ओढून घेतलं. चौघं आले, बंद दारासमोर उभं राहावं तसे त्या रिकाम्या सावलीत थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

हरण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला जाळत होतं ते कॅलेंडर. दोन वर्षांच्या महिन्यांची पानं, मागून रेघांनी भरलेली, आणि प्रत्येक रेघ वाईट हात एकदा माफ करून ओढलेली. बाकड्यावर जिंकलेल्या त्या शेकडो डावांतले किती तिचे होते आणि किती माफ केलेले? आता ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. कोणी खणातून पैसे नेले असते तर निदान किती गेले ते तरी कळलं असतं.

आणि एक गोष्ट तिनं आणखी काही दिवस कुणाला सांगितली नाही. त्या खेळाच्या नियमांचं पुस्तक तिच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. बत्तीस पानांचं. चौघांसाठी चार प्रती तिनंच काढून, स्टेपल मारून दिल्या होत्या. पानांवरचा प्रत्येक शब्द तिनं वाचला होता, पण पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं. नियम बाकड्यावरच्या तोंडांतून ऐकले होते आणि खरे मानले होते. अकोल्याहून आल्यावर तिनं फाइल उघडली. सहाव्या पानावर, दोन ओळींत, सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

दुपारी दोन ते चार लाइट जायची. मशीन बंद, गिऱ्हाईक नाही. त्या वेळात तिनं डेक पुन्हा मोडला. खऱ्या नियमानं शंभर हात मांडले: परत पिसलं की सहा, आणखी पिसलं की पाच. उभ्या रेघा चव्वेचाळीस. आधीच्या नियमानं त्या साठीपर्यंत जायच्या. ती त्या चव्वेचाळीस रेघांकडं दात ओठ खाऊन बघत राहिली.

मग काटछाट सुरू झाली. आधी गेली ती हौसेची पानं, डाव जिंकत आल्यावर नुसती शोभा करणारी. मग तिच्या लक्षात आलं की कॉक शेवटीच लागतो. तो पहिल्या हातात आला तर मोटारीची जागा अडवतो. चार कॉकचे तिनं दोन केले. रिकाम्या जागी काय घालायचं, ते तिला ठाऊक होतं आणि तेच तिला नको होतं. काही पानं अशी होती की ती एक खेप खातात आणि गठ्ठ्यातली वरची पाच पानं दाखवून त्यातलं हवं ते देतात. म्हणजे थांबायचं. दोन वर्षं तिनं त्या पानांना हात लावला नव्हता. आता चार घातली, चिडून, एकेक पाकिटात कोंबत. उभ्या रेघा सत्तावन्न झाल्या. आणखी दोन घातली, एक डीपी वाढवली. सदुसष्ट. रागातसुद्धा थांबण्याचा हा फायदा तिला खोटा म्हणता येईना.

भाऊराव वांग्यांची पिशवी ठेवायला आला. "अजून फुगूनच हाये का त्या पोरावर?"

"त्याच्यावर हाये. माह्यावरबी हाये." तिनं पुस्तकाची गोष्ट त्याला तेव्हा सांगितली.

भाऊराव स्टुलावर बसला. "मंग आता?"

"आता त्याच्याशी खेळीन. एकदा तरी खरं."

तीन आठवड्यांनी तिनं हर्षलला मेसेज केला: शुक्रवारी दुपारी ये, एकटा, चांगल्यातला चांगला डेक घेऊन. तो आला. दारातच म्हणाला, "काकू, मले तुमची माफी..."

"मागू नको. मले त्या शब्दाचा वीट आला. बस अन् पिस."

काउंटरवर पहिला डाव हर्षलनं जिंकला. दुसरा कोकिळानं, तिसऱ्या खेपेला, त्याला श्वास घ्यायला न देता. तिसऱ्या डावाला तिनं सात पानं उचलली. दोन कॉक, आणि चालवायला काहीच नाही. तिनं हात खाली ठेवला आणि पिसू लागली.

"घ्या ना सात, काकू," हर्षल सवयीनं बोलून गेला. "इथं कोन पाहून राह्यलं."

तिचे हात थांबले. "पुन्हा म्हण."

"नाई... चुकून निघालं तोंडून."

"चुकून नाई निघालं. तुले वाटते हे चांगुलपण हाये. तुह्या या चांगुलपणानं माहे दोन वर्सं खाल्ले, हर्षल. मी जिंकली का नाई जिंकली, हे मले मरेपर्यंत कळणार नाई. अन् तू वर अजून वाढून राह्यला!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "खेळायचं अशीन तं मले पाडायले खेळ. नाई तं ऊठ."

हर्षल उठला नाही. त्याचे कान लाल झाले होते. तिनं सहा पानं घेतली.

आणि यावेळी तो खेळला. दुसऱ्याच खेपेला त्यानं तिची डीपी उडवली. असं करता येतं हे तिला माहीत होतं, पण दोन वर्षांत त्यानं ते एकदाही केलं नव्हतं. तिनं ते पाहिलं आणि जबडा आवळला. तिसऱ्या खेपेला ती जिंकली नाही. तिनं शोधाचं पान टाकलं, वरची पाच पानं बघितली, एक उचललं आणि खेप त्याला दिली. थांबली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कोणी न थांबवता ती थांबली होती. हर्षलनं जोर लावला, तिची आणखी दोन पानं उडवली, पण त्याला एक खेप कमी पडली. चौथ्या खेपेला दुसरी डीपी पडली, मोटार चालू झाली, कॉक मिळाला, आणि उपसा सुरू झाला तो गठ्ठा संपेपर्यंत.

हर्षलनं काउंटरवरची पानं मागं मागं मोजत नेली. कुठं चुकलो ते शोधत होता. मग म्हणाला, "नाई. माही चूक नाई कुठं. हारलो मी."

कोकिळा हसली नाही. तिचा राग उतरलेला नव्हता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. पण त्याचं वाक्य तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग पानं गोळा केली आणि डबीत घातली. लाइट आली, मशीन घरघरलं. दारात दाखल्याचे कागद घेऊन एक बाई येऊन उभी राहिली.

हर्षलनं बॅग खांद्याला लावली. पायरीवर घोटाळत त्यानं विचारलं, "काकू, उद्या येऊ का आमी?"

कोकिळानं बाईच्या हातातले कागद घेतले, काचेवर पालथे ठेवले आणि झाकण लावता लावता म्हणाली, "या. पण अकरानंतर या, दहाले ॲडमिशनवाल्यांची गर्दी राह्यते."