बाईंचा ‘मी’

“तलाच! तलाच!” असं बाई ओरडल्या की आम्ही समजायचो, पोराचं डोकं दिसलं. एक हात बाळंतिणीच्या गुडघ्यावर, दुसऱ्या हाताच्या कोपरानं कपाळावरचे केस मागं सारायचे आणि घाईत मराठी साफ विसरायची, ही त्यांची रीत. ‘तलाच’ म्हणजे त्यांच्या स्लोवाक भाषेत ‘जोर लाव’. आमच्या बायकांना तो मंत्र वाटायचा. जळकोटची एक म्हातारी सुनेला घेऊन आली ती दारातूनच म्हणाली, “बाई, आदी ते तलाच म्हना. बाकीचं मागनं बगू.”

निजामाच्या राज्यातला आमचा जनाना दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. मी तिथं सुईणीचं काम शिकत होते. बाई डॉक्टरीण. युरोपातल्या महायुद्धात ज्यू म्हणून देश सुटला आणि हैदराबादवरून इकडं आल्या, एकट्याच. आई आणि दोन बहिणी तिकडंच राहिल्या होत्या. त्यांच्या आधी बिहारकडच्या संथाळ मुलखातली एक नर्स आमच्याकडं आली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. उभ्या जिल्ह्यात स्लोवाक बोलणारं माणूस एकच आणि संथाळी बोलणारंही एकच, आणि दोघींच्या खाटा एकाच पडवीत.

तुम्हाला वाटेल, बाई देवमाणूस असतील. तशा काही नव्हत्या. हत्यारं नीट उकळली नाहीत तर चिमटा भिरकावायच्या. धनगराकडून मेंढीचं दूध घ्यायच्या, फाडून फडक्यात टांगायच्या, आणि मग सगळा दवाखाना नाकाला पदर लावून बसायचा.

“बाई, ह्यो कसला वास?”

“माझ्या घराचा.”

“तुमच्या घरात मेंढरं निजायची का काय?”

“व्हय,” बाई म्हणायच्या. हा शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यातच उचलला होता.

हत्यारं उकळेपर्यंत दोघींचा शब्दांचा खेळ चालायचा. पातेल्याकडं बोट दाखवून बाई म्हणायच्या “वोदा”, सिस्टर म्हणायची “दाक्”. तिचा ‘क्’ घशातच अडकून राहायचा. बाई तसा म्हणायला गेल्या की त्यांना उचकी लागायची. मी पंच असल्यासारखी मध्ये तोंड घालायचे. दार म्हणजे बाईंचं ‘द्वेरे’, मध म्हणजे ‘मेद’, नवं म्हणजे ‘नोवी’. इतक्या लांबची बाई, आणि शब्द जणू आमच्याच चुलत्याच्या घरचे! सिस्टर आपल्याच देशातली, पण तिचा एक शब्द ओळखीचा लागेल तर शपथ.

सगळा घोळ झाला तो ‘मी’वरून. नव्यानं आलेल्या बाई दुपारी हाक मारायच्या, “मी जेवायचं!” आम्ही त्यांचं ताट वाढायचो आणि बाजूला उभ्या राहायचो. बाई ताटासमोर बसून आमची वाट बघायच्या. आम्ही त्यांचं जेवण व्हायची वाट बघायचो. भाकरी वाळून कडक व्हायची. एकदा चिडून त्या म्हणाल्या, “मी म्हटलं ना? मग बसा की!”

शेवटी उलगडा सिस्टरनं केला. बाईंच्या भाषेत ‘मी’ म्हणजे आपण सगळे. एकट्या स्वतःला त्या ‘या’ म्हणत.

“मग आम्ही आणि आपण, ह्याला काय म्हणता?” मी बाईंना विचारलं.

“तेही मीच.”

सिस्टर मनापासून हसली. तिच्याकडं आमच्यासारखंच, ‘अले’ म्हणजे आम्ही आणि ‘अबो’ म्हणजे आपण. वर आणखी ‘अलाङ’, म्हणजे तू नि मी, दोघीच. शब्दांनी परकी असलेली सिस्टर इथं मात्र आमची निघाली.

“इतके कशाला?” बाई म्हणाल्या. “आमचं एकात भागतं.”

युद्ध संपलं आणि काही दिवसांनी सोलापूरहून बाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर आले. पडवीत उभ्यानंच इंग्रजीत बोलले. चहाही न घेता गेले. निरोप एवढाच, आई नाही, बहिणी नाहीत, तिकडच्या गल्लीतसुद्धा कुणी जिवंत उरलं नाही. आत एक बाळंतीण अडली होती. बाईंनी तिला सोडवलं, एकदाही ‘तलाच’ न म्हणता. नंतर हात धुता धुता म्हणाल्या, “सिस्टर, मी...” आणि थांबल्या.

मी आपलं विचारलं, “कुठला मी, बाई?”

“आता मराठीतला,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर त्यांच्याशी स्लोवाकमध्ये बोलू लागली. येत होती तेवढी. चुकली की बाई खेकसायच्या, आणि खेकसताना त्यांच्या अंगात जीव यायचा. त्यांच्या आईची भाषा त्यांना ऐकवणारं एवढंच एक तोंड आता उरलं होतं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, दवाखान्यावर नवी डॉक्टरीण नेमली. सिस्टरला भावानं गावी बोलावलं. बाईंना मात्र बोलावणारं कुणी नव्हतं. “आमच्याकडं ऱ्हावा,” असं बायका म्हणत. बाई नुसतं “बघू” म्हणत आणि सिस्टरची ट्रंक भरायला मदत करत. लुगडी अशी चुरगळून घालत की मला पुन्हा काढून घडी करावी लागे.

सिस्टरनं मान वर न करताच म्हटलं, “अलाङ.” पुढं आणखी काहीतरी बोलली, ते मला समजलं नाही. समजायची गरज नव्हती.

बाईंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. “तुझ्या घरचे काय म्हणतील?”

“विचारतील, आपली भाषा येते का.”

“थोडी येते.”

“मग झालं.”

बाई भिंतीकडं तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत होत्या. मग त्यांनी खाटेखालून आपली पेटी ओढली.

दोघी सोलापूरच्या मोटारीत बसल्या त्याच आठवड्यात येरमाळ्याची एक बाई तिसऱ्या खेपेला आमच्याकडं आली. पहिली दोन बाईंच्याच हातची.

“अक्का, बाई कुटं हायत?”

“माहेरी गेल्या.”

“त्यांच्या माहेरात तर कुनीच उरलं न्हाय म्हनत व्हते.”

“आता आहे,” मी म्हटलं. “पाय वर घे बघू. कळा कधीपासनं येतायत?”