तांदळातलं नाव

"एकदा तरी मला माझ्या नावाने हाक मारा," रतन नवऱ्याला म्हणाली होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. धाकू हसला. "ते नाव तुझ्या बापाच्या घरी राहिलं गं."

बापाचं घर कल्याणच्या खाडीकाठी. गुणाजी भोईर रेतीची होडी चालवायचा. दुपारी आई काठावरून हाक मारायची, "रतनेऽऽ", आणि ती हाक पाण्यावरून पलीकडच्या तिवरांपर्यंत जायची. मग बाळकुमच्या मढव्यांकडे लग्न झालं. धाकूने ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘विनिता’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सासूने तेच तांदूळ शिजायला घातले. नवं नाव रतनने भाताबरोबर खाल्लं.

रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, सगळीकडे विनिता धाकू मढवी. घरात मात्र तेही नाव कुणी वापरलं नाही. धाकू म्हणायचा "अगं ए", मुलगा झाल्यावर "साईची आई". माहेरी गेली की तेवढी ती रतन व्हायची. पुढे बाप गेला, आई गेली, दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊही गेला. त्याच्या दहाव्याहून परतताना रिक्षात तिच्या ध्यानात आलं, आता आपल्याला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

यंदा साईनाथने दोघांना मस्कतला बोलावलं. व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा होता.

"अडतीस वर्षांनी?" धाकू म्हणाला. "आता काय, परत लग्न लावायचं?"

"लावा. बघू नवरी ओळखता का."

ती एकटीच कल्याणला गेली आणि जुन्या शाळेतून चौथीचा दाखला काढून आणला. रतन गुणाजी भोईर. धाकूला तो दाखवला नाही, घडी घालून पिशवीत तळाशी ठेवला. अर्जात लग्नाआधीच्या नावाची एक ओळ होती आणि अर्ज धाकू भरणार होता. त्याने ते नाव न विचारता, आपणहून घ्यावं. तिने आयुष्यभर उखाण्यांत त्याचं नाव घेतलं होतं. त्याने एकदा तिचं घ्यावं.

ठरल्या दिवशी सगळे माजिवड्याच्या लग्ननोंदणी कार्यालयात जमले. साक्षीदार म्हणून धाकूचे तिघे भाऊबंद. लग्न लावणाऱ्याची सही हवी म्हणून मनुबाईला रिक्षात घालून आणलं होतं. मनुबाई गावची धवलारीण. हिनेच धवले गाऊन यांचं लग्न लावलेलं. आता पंचाहत्तरीची, बाकावर बसून सगळ्यांना नावं ठेवत होती.

खिडकीतल्या मुलीने अर्ज चाळला. "काका, ही ओळ रिकामी आहे. काकूंचं लग्नाआधीचं नाव?"

रतनने पिशवी छातीशी धरली.

"लिहा ना," धाकू झटकन म्हणाला. "विनिता गुणाजी भोईर."

"विनिता लग्नानंतरचं ना? आधीचं विचारतेय."

धाकूने डोकं खाजवलं. भाऊबंदांकडे बघून हसला. मग रतनकडे वळला. "अगं ए, काय गं होतं तुझं नाव?"

तिवरांत ओहोटीचं पाणी उतरतं तसं रतनच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं.

"अरं मेल्या!" बाकावरून मनुबाई कडाडली. "रतन! रतन रं! हलद लावताना नाव घेऊन गायलंय मी. माझ्या सगल्या पोरींची नावं ध्यानात हायेत मला, न तुला एका बायकोचं ध्यानात ठेवता येईना?"

भाऊबंद हसले. धाकूही हसला. "हां, हां. रतन. लिहा, रतन."

अखेर आलं ते नाव त्याच्या तोंडून. खिडकीकडे तोंड करून, दुसऱ्याने आठवण करून दिलेलं.

रतनने पिशवीच्या तळातून शाळेचा दाखला काढला, घडी उलगडून खिडकीत सरकवला. मुलीने सहीची जागा दाखवली. बँकेत विनिता लिहायची सवय झालेला हात क्षणभर अडखळला. मग तिने चौथीतल्या मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं, रतन. पेन जागेवर ठेवलं. मनुबाईपाशी थांबून, वाकून तिच्या पायांना हात लावला.

"झालं का गं?" धाकूने मागून विचारलं. "अगं ए!"

ती दारातून बाहेर निघून गेली.