गुलनारचा दरवाजा

सिरसाळ्यात रस्त्याच्या कडेला कय्युमचा फळांचा गाडा असतो. माणूस तसा घुम्मा. भाव सांगायचा म्हटलं तरी त्याच्या जिवावर येतं, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो सरळ दुसरीकडे बघतो. पण रमजान लागला की हाच माणूस असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर घरासमोर चटई अंथरतो, आणि एकदा बोलायला लागला की त्याला आवरायची कुणाची टाप नसते.

रोज्याची शेवटची घटका मोठी वाईट. घसा कोरडा, डोकं ठणकत असतं आणि ऊन काही उतरत नाही. ती घटका सरावी म्हणून आधी त्याचे आजोबा, मग वडील आणि आता तो गुलनार शहराची दास्तान सांगतो. घरात बोली दखनी, पण दास्तान मराठीत, कारण टरबुजं घालायला आलेले शेतकरीही ऐकायला बसतात. त्यातले सुंदरराव रोजा धरत नाहीत, तरी रोजा सोडायचा सायरन होईपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. दास्तान तोंडपाठ असल्यामुळे एक घोडा इकडचा तिकडे झाला तरी ते कय्युमला टोकतात.

शेवट सांगायचा तो एकोणतिसाव्या रोज्याला. त्या संध्याकाळी ईदचा चांद दिसला तर तिसावा मिळतोच कुठे?

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. धाकटा शहजादा नूरशेर धुराच्या राजाच्या चाकरीत गेलेला असतो. तो जीव घेऊन घराकडे पळत येतो आणि त्याच्या मागून धुराची फौज येते. वेशीवर थोरला दिलशेर उभा असतो. सूर्य बुडायच्या आत दरवाजा लागला नाही तर शहर गेलं. दिलशेर विचारतो, "लोकहो, काय करू?" आणि अख्खी चटई एका आवाजात ओरडते, "बंद कर!" दरवाजा लागतो, गुलनार वाचतं आणि बाहेर नूरशेरचा धूर होतो. लहानपणी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो कय्युमचा धाकटा भाऊ, तौसीफ.

पुढे हाच तौसीफ गेवराईकडे चोरट्या वाळूच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. कय्युमने उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, "वाळू सोडशील तवा घरात ये." तौसीफही त्याच हट्टी रक्ताचा; गेला तो गेलाच. त्या दिवसापासून त्यांची अम्मा, रहेमतबी, थोरल्याशी कामापुरतंच बोलते. कय्युमला ते रोज लागतं, पण सांगणार कुणाला?

यंदा एकोणतिसाव्या रोज्याला नूरशेरने घोड्याला टाच मारली आणि त्याच क्षणी कय्युमला चटईच्या कडेला तौसीफ दिसला. वाळलेला, दाढी वाढलेली, चपला हातात. कधी येऊन बसला होता कुणास ठाऊक.

आता शेवट सांगायचा म्हणजे भरल्या गर्दीत भावाच्या तोंडावर दुसऱ्यांदा दार लावायचं, आणि तेही गावाला ओरडायला लावून. या वेळी उठून गेला तर हा पुन्हा यायचा नाही, हे कय्युमला पक्कं कळत होतं. तो वेळ काढायला लागला. माळ सांगितला, ओढा सांगितला, काळ्या घोड्याच्या आयाळीचं कौतुक केलं.

"घोडा तांबडा हाय," सुंदररावांनी टोकलं. "अन् किती पळवतो बे त्याला? सूर्य बुडाला की!"

लोक हसले. तौसीफ हसला नाही. घराच्या दारातला गोणपाटाचा पडदा हलला. त्यामागे अम्मा होती.

किती लांबवणार? वेस आलीच. चटईवरच्यांनी सवयीने छातीत श्वास भरून घेतला. तौसीफने चपला खाली टाकल्या आणि तो उठायला लागला.

"दिलशेरनं कुणालाबी इचारलं न्हाई," कय्युमचा आवाज चिरकला. "त्यानं दरवाजा उघडाच ठिवला."

मग सुंदरराव उसळले, "चुकलं! आरं, मागं फौज हाय की! धूर आत न्हाई का येणार?"

"येणार, मामा."

"मंग शहराचं काय?"

"आमच्या आजोबांनी दरवाजा कधी उघडलाच न्हाई. पुढचं मला कुठून येणार?"

दास्तान नासवली म्हणून सुंदरराव लई चिडले. कय्युमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने ताटातला खजूर उचलला आणि भावासमोर जाऊन हात पुढे केला. धाकटा आला म्हणजे वाळू सोडूनच आला असणार, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं.

तौसीफने खजूर घेतला नाही. एरवी दोघं आपसात दखनीत बोलतात, पण तो मराठीत बोलला, सगळ्यांना कळेल असं.

"भाई, मी वाळू सोडल्याली न्हाई. गाडी फाट्यावर उभी हाय. अम्माला बघून जावं म्हणून आलतो. मागनं फसवलं म्हणू नको."

कय्युमला राग आला. तोच जुना राग, कानशिलं तापवणारा. ओठांवर शब्दही तेच आले, उंबऱ्यावरचे. तेवढ्यात सायरन झाला. समोर खजूर असून कुणी हात लावला नाही. सगळे या दोघांकडे बघत राहिले. पडद्यामागे काही हालचाल नव्हती.

कय्युमने खजूर तसाच पुढे धरला.

"अगोदर रोजा सोड," तो म्हणाला. "भांडण जेवून करू. चल आत."