पावट्याच्या मळ्यातला भोंगा

देवरूखपासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत अकरा घरं होती आणि त्यांतल्या आठांना कुलपं. उरलेल्यांतल्या एकात सगुणा आणि रावजी दोघंच राहत. भात कापून झालं की घरासमोरच्या सात गुंठ्यांत पावटा पेरायचा, ही रीत रावजींच्या आईपासूनची. अलीकडे मात्र पेरायचं माणसांनी आणि खायचं माकडांनी, असं झालं होतं.

मागच्या वर्षी कृषी सहायक समीक्षा एक भोंगा घेऊन आली. वर सूर्यावर चालणारी वीतभर पाटी, खाली कर्णा, मागे लाल बटण. बटण दाबून एकदा ओरडायचं. मग दिवसभर दर दोन मिनिटांनी भोंगाच ओरडतो. रावजींनी छाती भरून आरोळी ठोकली, "हाऽऽड! हुर्र! पळ मेल्या, पळ!" आणि बटण सोडायच्या आधी सगुणाकडे वळून विचारलं, "झालं काय गो?" तेही आत गेलं.

"पुसा आधी ता," सगुणा म्हणाली. "लोक हसतील."

"कुटले लोक? ऱ्हाऊ दे. माकडांना कळू दे, घरात बाई पण हाय ती."

त्या वर्षी पावटा पोतंभर झाला.

यंदा श्रावणात रावजींचं उजवं अंग गेलं, आणि वाचाही. मुंबईचा मुलगा, गौरव, आठ दिवस राहून गेला. आता दर रविवारी फोनवर दिसायचा. "बाबा, हात हलवा बघू. हां, मस्त!" म्हणायचा, आणि मग त्याला कुणीतरी हाक मारायचं.

सगुणाने पॉवर टिलर भाड्याने आणून एकटीने पावटा पेरला आणि भोंगा टांगला. सकाळी रावजींना पडवीतल्या खुर्चीत मळ्याकडे तोंड करून बसवायचं आणि आपण कामाला लागायचं. मळ्यातून आवाज यायचा, "झालं काय गो?" भांडी घासता घासता ती म्हणायची, "होतंय, होतंय." दिवसभरात तिच्याशी बोलणारं तेवढंच.

पौषात समीक्षा आली.

"काकी, आवाज बदलताय ना? तोच तोच ऐकला की माकडं सरावतात."

"जागा बदलते की दर चार दिवसांनी."

"आणि आवाज?"

सगुणा चहा ढवळत राहिली. समीक्षाने पडवीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकांचा आवाज मी फोनात घेऊन ठेवते. मग भोंग्यात तुमचा भरा."

"फोनात ठेवून काय करू? माकडं काय फोनात येतात?" सगुणा म्हणाली. मग चहा गाळत, "त्यांचं तेवढंच एक काम चालू हाय गो. ता मी कसं बंद करू?"

समीक्षाने आवाज फोनात घेतला आणि चहा पिऊन गेली. उद्या भरते, असं सगुणा चार दिवस म्हणाली.

पाचव्या दिवशी दहाच्या सुमारास ती पेजेचं वाडगं घेऊन पडवीत आली, तर मळ्यात माकडं. अकरा-बारा तरी. एक हुप्प्या भोंग्याच्या खांबाला पाठ लावून निवांत शेंगा सोलत बसला होता. त्याच्या डोक्यावर रावजी ओरडत होते, "पळ मेल्या, पळ!" त्याने मानही वळवली नाही.

सगुणाने रावजींकडे पाहिलं. ते सकाळपासून हेच बघत बसले असणार. गालावरून पाणी ओघळून सदऱ्यावर आलं होतं. ते तिने पदराने पुसायला हात नेला, तर त्यांनी डाव्या हाताने तो झिडकारला आणि मळ्याकडे बोट केलं. मग मांडी थोपटली. इथे आण.

ती काठी घेऊन धावली. माकडं गेली, पण लांब नाही. बांधावर जाऊन बसली. तिने भोंगा सोडवून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. रावजींनी चाचपत लाल बटण शोधलं, अंगठा रोवला आणि हनुवटीने तिला खुणावलं.

"अवो, नको. ऱ्हाऊ दे तुमचाच."

तेही भोंग्यात गेलं. रावजींनी कपाळाला आठ्या घालून बटण सोडलं आणि पुन्हा दाबलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यासमोर कधी ओरडली नव्हती. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. मग ती ओरडली. शब्द नव्हतेच, पोटातून नुसता आवाज निघाला. कुलूप घातलेल्या घरांवर आपटून तो परत आला.

भोंगा खांबावर चढला, ओरडला, आणि बांधावरची माकडं किंजळीच्या झाडावरून उड्या टाकत पऱ्ह्याचं पाणी ओलांडून पलीकडे गेली. हुप्प्या सगळ्यांच्या पुढे.

रावजींनी वाडगंभर पेज घेतली आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. आजारपणानंतर दिवसाउजेडी ते पहिल्यांदाच झोपले होते. सगुणा उंबऱ्यात टोपली घेऊन माकडांनी टाकलेल्या शेंगा निवडत बसली. दर दोन मिनिटांनी मळ्यातून एक बाई ओरडत होती. ती आपणच हे ठाऊक असूनही सगुणा दर वेळी मान वर करून बघत होती, कोण आलं म्हणून.