तीन वर्षांच्या मापाची खुर्ची

कुवेतमधल्या सालमियात माझी मुलगी ज्या नर्सरीत जायची, तिथे एक मराठी बाई शिकवायच्या. मुलं त्यांना 'मिस' म्हणायची, मी 'ताई'. नाव विचारायचं कधी सुचलं नाही. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या ताई दिवसभर तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा खेळण्यांच्या कपाटावर.

"मोठी खुर्ची मागा की," मी एकदा म्हटलं.

"मुलांच्या पातळीवर बसायचं असतं, दादा. मुख्याध्यापिका मॅडमनीच सांगितलंय, त्यांच्या फिरत्या खुर्चीवरून."

मग पालकसभेत आम्हालाही त्याच लाल खुर्च्यांवर बसवलं. अर्ध्या तासात सगळ्यांची कंबर धरली. घरी येऊन मी मॅडमना खरमरीत मेल लिहिली, पाठीच्या कण्याचं चित्रसुद्धा जोडलं. ताईंचा उल्लेख तेवढा राहून गेला.

आठवड्यात गादीच्या खुर्च्या आल्या. पाठीवर चिठ्ठी: 'फक्त पालकांसाठी'.

पुढच्या सभेला ताईंनी माझी खुर्ची फडक्यानं पुसली, स्वतः लाल खुर्चीवर बसल्या आणि मान वर करून विचारलं, "आता बरं वाटतंय ना कमरेला?"

मी हो म्हणालो. खरंच बरं वाटत होतं.