दुकानावरच्या चर्चमध्ये पेलिंग

एकतीस वर्षं पेलिंगने गावच्या कॅथलिक चर्चमधली वेदीवरची वस्त्रं धुतली, खळ घालून इस्त्री केली. फिलिपिन्समधल्या इलोइलोकडच्या त्या गावात सहा फादर बदलले, पेलिंग तीच राहिली. मग वादळात तिच्या घराचं छप्पर उडालं आणि ती शहरात मुलाकडे, ओनिंगकडे राहायला आली. सून डिविना 'नव्या जन्मा'च्या मंडळीतली, म्हणजे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथातली. लग्नानंतर ओनिंगही तिकडेच गेलेला.

दोन महिन्यांनी डिविना म्हणाली, "आई, एकदा आमच्या चर्चला येऊन तर बघा. नाही आवडलं तर नका येऊ. नंतर कोंबडी-भात असतो."

ज्यांच्या घरात राहायचं त्यांना नाही कसं म्हणणार? पेलिंग गेली.

चर्च म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. गावच्या चर्चच्या दाराशी असायचं तसल्या पवित्र पाण्यात बुडवायला तिने सवयीने बोटं पुढे केली, ती विजेच्या बटणाला लागली. तिला पहिल्याच रांगेत बसवलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. ड्रम घुमू लागले, माणसं हात वर करून रडत गाऊ लागली. अनोळखी बायकांनी येऊन मिठ्या मारल्या. शौचालयाचं निमित्त करून ती उठली, तर डिविनाही सोबत उठली.

मग पडदा सरकला. मागे निळी, पाण्याने भरलेली टाकी. पास्टर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची यादी वाचू लागला.

"फेलिसिदाद पामोनाग!"

आपलंच पूर्ण नाव ओळखायला पेलिंगला एक क्षण लागला.

"अगं, हे काय?"

"आई, फक्त पाण्यात उतरायचं. कोरडे कपडे आणलेत मी." पिशवीत पेलिंगचाच फुलाफुलांचा झगा होता, नीट घडी घातलेला.

ओनिंग खाली मान घालून बसला होता. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. पेलिंग पायऱ्या चढली.

तरुण पास्टरने माइक पुढे धरला. "आजी, स्वखुशीने आलात ना?"

"नाही. मला कोंबडी-भात आहे म्हणून आणलं."

हॉलभर हशा पिकला. पेलिंग हसली नाही. "बाप्तिस्मा झालाय माझा, बाबा. तो काय फाटलाय, पुन्हा शिवायला?"

पास्टरचं हसू मावळलं. त्याने तिचा हात धरून तिला हळूच खाली उतरवलं.

तिघं घरी आली. मग डिविना फणकारली, "चारचौघांत माझं नाक कापलंत!"

"मला आधी विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर आला असतात?"

"नसते आले."

"आई, चर्चवाले बाप्तिस्म्याचं पुन्हा विचारतील," ओनिंग पुटपुटला.

गावी घरावर नवं छप्पर अजून चढलं नव्हतं. शहरातलं कॅथलिक चर्च दोन गाड्या बदलून होतं आणि वाट तिला ठाऊक नव्हती. पुढच्या रविवारी दोघं निघाली, तेव्हा पेलिंगही निमूट निघाली. या वेळी ती शेवटच्या रांगेत बसली आणि गाण्याच्या गदारोळात तिने गावच्या चर्चमधल्यासारखे फरशीवरच गुडघे टेकले.

"अगंबाई, पडलात का आजी?" शेजारची बाई धावली.

"नाही गं, प्रार्थना करतेय."

तरी त्या बाईने तिला काखेत धरून उचललंच आणि प्रेमाने खुर्चीवर बसवलं.