नमदा कोरडा होता

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा ओठांवर आली होती — पण तिला शांतपणे जाऊ द्यावं म्हटलं आणि गिळली. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

मी बिदरला गाड्यांच्या सीटा आणि गालिचे धुवायचो. स्टँडच्या मागं, चिंचेखाली, पत्र्याचं शेड होतं माझं. हसू नका — राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच्या आसपासच्या या गोष्टी, तेव्हा ह्याला कोणी काम म्हणतच नसे. ड्रायव्हर बादलीभर पाणी मारून मोकळे व्हायचे, आणि तिथंच चुकायचे. गालिच्याखाली तागाचा जाड थर असतो, त्याला नमदा म्हणतात. त्यात एकदा पाणी उतरलं की पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही, गाडीला कुबट वास धरतो. म्हणून मी आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायचो, मग रिठ्याचा नुसता फेस, मग पिळलेलं फडकं. पाणी कमी, हात जास्त. दोन तासांत अँबॅसिडर तयार. बघा — सांगायला काय निघालो आणि मिरवायला काय लागलो.

गालिचा उचलला की मला पुष्कळ कळायचं. कोण चोरून विड्या ओढतो, कोणी डिकी सोडून मागच्या सीटवर बकरं बसवून आणलं. मी कुणाचं कुणाला सांगत नसे. माझा तसा लौकिक होता. त्या गप्प बसण्याला मी इमान म्हणायचो.

औरादकडचे एक आडते होते. नाव सांगत नाही — ही अजूनही भीतीच का? असेल. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्या त्यांच्या शब्दावर यायच्या. त्यांच्या मुलाला मंठाळची रुक्मिण दिली होती. पदरात दीड वर्षाची मुलगी. ऐन श्रावणात बातमी आली की ती विहिरीवर पाय घसरून पडली, नवऱ्यानं बाहेर काढून तशीच चिंब गाडीत घातली, आणि बिदरला आणता आणता ती वाटेतच गेली. तिथूनच माघारी नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी माझ्या दारात. ड्रायव्हर नव्हता, तो मुलगा स्वतः घेऊन आला होता. मागं लेकराला उलटी झाली म्हणाला, वास राहता कामा नये म्हणाला, आणि चिंचेखाली उभा राहिला. एरवी कोणी थांबत नसे.

मी मागचं दार उघडलं. पिकावर फवारायच्या औषधाचा वास तुम्हाला माहीत असेल. मला तो चांगलाच माहीत होता. सवयीनं मी गालिचा उचलला आणि नमद्यावर हात ठेवला. कोरडा. सीटखाली, कडेच्या शिलाईत, दाराच्या फटीत — सगळीकडं खडखडीत कोरडा. आदल्या दिवशी विहिरीतून काढलेलं माणूस त्या सीटवर निजवलं असतं, तर असा राहिला असता का?

मान वर केली तर तो माझ्याकडंच बघत होता. मग मी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं — गालिचा, नमदा, सगळं ओढून बाहेर काढलं आणि त्यावर बादल्या ओतत सुटलो. त्यानं ते शेवटपर्यंत पाहिलं आणि गाडी घेऊन गेला. नमदा दोरीवर राहिला.

एवढंच असतं तर मी घाबरलो होतो म्हणून विसरलोही असतो. पण चौथ्या दिवशी भर दुपारी रुक्मिणचा भाऊ आला. माणिक, मंठाळला शाळेत मास्तर. बसमधून उतरून विचारत विचारत आला होता. पाणी दिलं ते त्यानं हातातच धरलं.

"अण्णा, राख सावडायच्या दिवशीच त्यांनी आमच्या धाकट्या बहिणीला मागितलं. लेकरू लहान हाय म्हणायलेत. आमचे अप्पा न्हाईत, समदं माझ्या शब्दावर हाय. गावात लोक काय काय बोलायलेत. मला एकच सांगा — गाडी तुमच्याकडं आली तवा आतून भिजलेली होती का?"

केवढा शहाणा प्रश्न होता. आणि उत्तर एका शब्दाचं. मला तो शब्द येत नव्हता का?

"व्हय," मी म्हणालो. "आली तवाच नमदा चिंब होता. अजून वाळंना बघा."

मी बोटानं दोरीकडं दाखवलं. तो उठला, त्या ओल्या नमद्यावर त्यानं दोन्ही तळवे टेकले आणि अक्का म्हणून रडला. मी शेजारीच उभा होतो. मला माझी किळस आली, आणि सुटल्यासारखंही वाटलं — दोन्ही एकदमच. जाताना तो म्हणाला की मनावरचं ओझं उतरलं.

मार्गशीर्षात धाकटीचं, शकूचं, लग्न लागलं. माणिक पत्रिका द्यायला स्वतः आला होता. मी गेलो नसतो तरी चाललं असतं. गेलो, जेवलोही. ह्यांच्याच शब्दावर सगळं ठरलं असं सांगून त्यानं तिला माझ्या पाया पडायला लावलं. एकोणीस वर्षांची असेल. सुखी राहा म्हणालो. मग ती भाचीला मांडीवर घेऊन गाडीत मागं बसली. गाडी आदल्या दिवशी मीच धुतली होती.

तिसऱ्या वर्षी शकू गेली. स्टोव्ह भडकला, असं त्या घरानं सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरानं माणिक आला. केस पांढरे झाले होते. तो मला जाब विचारायला आला असेल असं वाटलं. पण संशय त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. आमचंच नशीब फुटकं म्हणाला. तुम्ही त्या वेळी खरं सांगितलंत म्हणून, नाहीतर उगीच त्या लोकांवर आळ घेतला असता, असंही म्हणाला. आता भाची पाच वर्षांची झाली होती, त्याच घरात.

"अण्णा, पोरीला मंठाळला घिऊन येऊ का? का राहू दे तिथंच? तुमी सांगाल तसं करतो."

घेऊन ये म्हटलं असतं, तर त्यानं का म्हणून विचारलं असतं. मग सगळंच सांगावं लागलं असतं.

"बापाचं घर हाय तिचं," मी म्हणालो. "राहू दे."

तो बरं म्हणाला, आणि बस गाठायला गेला.